पहाटे चारची पट्टी: एका सर्व्हरवरच्या सेवांचा क्रम आणि मेमरीची वाटणी

वाशीच्या फळबाजारात एप्रिल-मे म्हणजे हापूसचे दिवस. रत्नागिरी, देवगडहून निघालेल्या गाड्या रात्रीतून पोचतात, पहाटे पेट्या उतरतात आणि उजाडेपर्यंत बराच माल गेलेला असतो. बागायतदाराच्या हातात या सगळ्याचा शेवट म्हणून एक कागद पडतो, तो म्हणजे पट्टी. कुठल्या गाडीतून किती पेट्या आल्या, काय भावाने गेल्या, गाडीभाडं आणि हमाली वजा जाऊन किती उरले, हे सगळं त्यावर. हे प्रकरण ज्या गाळ्याचं आहे, तिथे पट्टी माडीवरच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरवर तयार होते, खाली छापली जाते आणि तिचा एसएमएस कोकणात जातो. ऐन हंगामात हा सर्व्हर पहाटे चारनंतर बसू लागला. रोज नाही, पण ज्या दिवशी माल जास्त त्या दिवशी हमखास.

हिशेब पाहणारे काका म्हणाले, "सर, चार वाजले की हा बसतो. बंद करून चालू केला की मग दिवसभर काही नाही." तक्रार म्हणून हे वाक्य फार मोलाचं होतं, कारण वेळ ठरलेली होती. हार्डवेअर बिघडतं तेव्हा ते घड्याळ बघत नाही.

मशीन साधंच. 16 जीबी मेमरी, आठ कोअर, उबुंटू 22.04. त्यावर पोस्टग्रेस 14 हा डेटाबेस, पट्टीचं वेब अॅप्लिकेशन, एसएमएस पाठवणारा प्रोग्राम आणि छपाईची सेवा. शिवाय क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून, चालणारी दोन कामं: गेटवरच्या कॅमेऱ्याची चित्रं चाळून प्रत्येक गाडीची उपयोगी चित्रं लहान करून साठवणारी पायथन स्क्रिप्ट, दर तासाला, आणि डेटाबेसचा बॅकअप, पहाटे चारला. पेट्या कमी आल्याची तक्रार झाली तर दाखवायला चित्रं हवीत, म्हणून ते काम अलीकडे जोडलेलं.

आधी काय करून पाहिलं होतं

आधीच्या तंत्रज्ञाने केलेले बदल फाइलींत दिसत होते. पट्टीच्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे ती सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, पोस्टग्रेसच्या नावाने 'रिक्वायर्स' आणि 'आफ्टर' अशा दोन ओळी होत्या. 'रीस्टार्ट' या ओळीत 'ऑलवेज' होतं. आणखी एक ओळ होती, ती सेवा सुरू करण्याच्या प्रयत्नांवरची मर्यादा उठवण्यासाठी. हेतू स्पष्ट होता: डेटाबेस आधी उठावा, अॅप्लिकेशन नंतर, आणि पडलं तर पुन्हा उभं राहावं.

या विचाराला जुना वारसा आहे. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था. तिच्या आधीच्या लिनक्सवर सेवा सुरू करणं म्हणजे क्रमांक लावलेल्या शेल स्क्रिप्ट एकापाठोपाठ चालवणं. तिथे व्यवस्थेच्या हातात मुख्यतः क्रमच होता. 2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी मांडलं, 2011 च्या फेडोरा 15 मध्ये ते मूळ व्यवस्थेत आलं आणि 2015 पर्यंत डेबियन आणि उबुंटूही त्यावर गेले. सेवा, सॉकेट, टायमर, माउंट, टार्गेट, स्लाइस अशा सगळ्यांना त्यात 'युनिट' हे एकच रूप मिळालं. या युनिटांची रचना मात्र दोन निरनिराळ्या अंगांनी होते. एक अंग क्रमाचं आणि अवलंबनाचं: कोणाला कोण लागतं, कोण आधी, कोण नंतर. दुसरं अंग वाटणीचं: मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांतलं कोणाच्या वाट्याला किती. ही दोन अंगं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. 'आफ्टर' लिहिल्याने कोणाच्या मेमरीत एक बाइटचाही फरक पडत नाही, आणि स्लाइस बदलल्याने कोणी आधी सुरू होत नाही.

इथला बिघाड वाटणीचा होता आणि सगळी दुरुस्ती क्रमाच्या अंगाने चालली होती. या प्रकरणातलं बाकीचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

क्रमाच्या अंगाने केलेली दुरुस्तीही पुरती लागू झाली नव्हती, ते आधी सांगतो. 'रिक्वायर्स' ही फक्त गरज सांगते, क्रम सांगत नाही. क्रमासाठी 'आफ्टर' वेगळं लिहावं लागतं. ते इथे लिहिलेलं होतं, पण 'पोस्टग्रेस्क्यूएल' या मुख्य सेवेच्या नावावर. डेबियन-उबुंटूवर ती सेवा नावापुरतीच असते. ती स्वतः काही चालवत नाही, नुसती यशस्वी होऊन सक्रिय राहते. खरा डेटाबेस एका सामायिक साच्याच्या युनिटवरून बनलेल्या '14-मेन' या इन्स्टन्समध्ये, म्हणजे त्या साच्याच्या एका प्रतीत, चालतो. मर्यादा उठवणारी ओळ 'सर्व्हिस' विभागात लिहिलेली होती. तिची जागा 'युनिट' विभागात आहे. सिस्टमडी अशी ओळ ओळखत नाही आणि जर्नलमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तसा इशारा देऊन पुढे जातो. तो इशारा प्रत्येक रीलोडला पडत होता. 'सिस्टमडी-अॅनलाइझ व्हेरिफाय' एकदा चालवलं असतं तरी हे समोर आलं असतं. मला ही तपासणी युनिट फाइल लिहिण्याचाच भाग वाटते, नंतरची गोष्ट नाही.

त्या पहाटे काय घडत होतं

मशीन बंद-चालू करण्याआधीचा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग 'जर्नलसीटीएल'ने काढला तेव्हा चार वाजून काही मिनिटांनी मेमरी संपल्याची नोंद सापडली. कर्नलने एक प्रोसेस मारली होती, आणि ती पोस्टग्रेसची होती.

पहिला प्रश्न हाच पडतो की मेमरी खाल्ली चित्रांच्या स्क्रिप्टने आणि मेला डेटाबेस, असं का? मेमरी पूर्ण संपली की कर्नल बळी निवडतो तो प्रोसेसच्या हिशोबाने. सबंध काम किती खातंय हे तो पाहत नाही, एकेक प्रोसेस किती खाते ते पाहतो. चित्रांची स्क्रिप्ट आठ कामगार-प्रोसेस काढायची आणि प्रत्येक सुमारे 800 एमबी घ्यायची. एकेकटी प्रोसेस बघितली तर कोणीच फार मोठी नाही. पोस्टग्रेसची सामायिक मेमरी 4 जीबी ठेवलेली होती, आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे एक वेगळी प्रोसेस असते. पट्टीच्या अॅप्लिकेशनची जी जोडणी दिवसभर उघडी राहते, तिने त्या सामायिक मेमरीतली जितकी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) हाताळली तितकी सगळी तिच्या नावावर मोजली जातात. वास्तविक ती पानं सगळ्या जोडण्यांची मिळून एकच असतात, पण मोजणीत ती प्रत्येकीच्या खात्यात पूर्ण धरली जातात. त्यामुळे यादीत सर्वांत मोठी दिसायची ती हीच जोडणी. पोस्टग्रेसच्या मूळ प्रोसेसला या निवडीतून वाचवण्यासाठी तिच्या युनिटमध्ये उणे 900 असा आकडा दिलेला असतो, पण तिच्यापासून निघालेल्या जोडण्या तो पुन्हा शून्यावर आणतात. म्हणून मूळ प्रोसेस वाचली आणि जोडणी गेली.

एक जोडणी अशी मारली गेली की पोस्टग्रेस सामायिक मेमरी बिघडली असेल असं धरून चालतो. तो बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडतो आणि लॉगवरून डेटा पुन्हा सावरून घेतो. हे वागणं अगदी योग्य आहे, पैशाच्या नोंदी असलेल्या डेटाबेसने असंच वागावं. तेवढा वेळ मात्र तो नवी जोडणी घेत नाही. आणि 'रिक्वायर्स' ज्या सेवेकडे बघत होती ती नावापुरतीच असल्यामुळे सिस्टमडीच्या लेखी पूर्ण वेळ 'सक्रिय'च होती. 'रिक्वायर्स'ला काही कळायचा प्रश्नच नव्हता.

आता अॅप्लिकेशन. सुरू होतानाच ते डेटाबेसशी जोडायला जायचं, जोडणी नाकारली गेली की बंद पडायचं. सिस्टमडी त्याला पुन्हा सुरू करायचा. काही सांगितलं नसेल तर दोन प्रयत्नांमधलं अंतर 100 मिलिसेकंद असतं आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू झालं की पुढचे प्रयत्न बंद होतात. डेटाबेस सावरायला त्याहून जास्त वेळ लागला की अॅप्लिकेशन कायमचं 'फेल्ड' होऊन बसायचं. डेटाबेस लवकर सावरला त्या दिवशी ते आपोआप परत आलं, उशीर झाला त्या दिवशी मशीन बंद-चालू करावं लागलं. काकांना दोन्ही तऱ्हेचे दिवस दिसत होते ते यामुळे.

आणि मालाच्या दिवशीच का? माल जास्त म्हणजे गाड्या जास्त, गाड्या जास्त म्हणजे चित्रं जास्त. तीनला सुरू झालेलं चित्रांचं काम चारपर्यंत संपायचं नाही. क्रॉनला त्याची फिकीर नसते. चार वाजले की तो दुसरं काम सुरू करतो. आठाच्या सोळा प्रोसेस झाल्या, म्हणजे जवळजवळ 13 जीबी. त्यात डेटाबेसचे 4 जीबी, आणि नेमका तेव्हाच बॅकअप. 16 जीबीचं मशीन तिथे संपलं.

मेमरी 32 जीबी करावी असा सल्ला कोणीतरी दिला होता. पैसे असतील तर जरूर करावी. पण एकमेकांवर चढणारी कामं तशीच राहिली असती, तर मेच्या एखाद्या भरलेल्या पहाटे 32 जीबीही संपले असते आणि बळी पुन्हा तीच जोडणी ठरली असती.

वाटणीची रचना

'सिस्टमडी-सीजीएलएस' चालवलं की मशीनवरची प्रत्येक प्रोसेस कोणत्या गटात आहे ते झाडासारखं दिसतं. हे गट म्हणजे कर्नलचे सीग्रुप. गूगलमधल्या अभियंत्यांनी 2006 मध्ये हे काम सुरू केलं, जानेवारी 2008 च्या 2.6.24 या कर्नलमध्ये ते आलं, आणि आज वापरतो ती दुसरी आवृत्ती मार्च 2016 च्या 4.5 मध्ये अधिकृत झाली. सिस्टमडी प्रत्येक सेवेला तिचा एक गट देतो. सेवेने कितीही पोरं काढली तरी ती त्या गटातून निसटत नाहीत. गटांना एकत्र बांधणारं युनिट म्हणजे स्लाइस. मुळात सेवांचा एक, वापरणाऱ्यांच्या सत्रांचा एक, आणि व्हर्च्युअल मशीन वा कंटेनर असतील तर त्यांचा एक.

या मशीनवर जवळपास सगळं सेवांच्या एकाच स्लाइसमध्ये शेजारी शेजारी होतं. डेटाबेस, छपाई, क्रॉन, सगळे समान. चित्रांच्या सोळाही प्रोसेस आणि बॅकअप क्रॉनच्या एका गटात कोंबलेले. त्यामुळे चित्रांच्या कामाला वेगळी मर्यादा घालायला जागाच नव्हती. म्हणून पहिलं काम मर्यादा घालणं नव्हतं, वेगळं करणं होतं.

'गाळा' नावाचा एक स्लाइस केला, त्याच्या पोटात दोन: 'गाळा-पुढे' आणि 'गाळा-मागे'. स्लाइसच्या नावातली आडवी रेघ हीच वंशावळ सांगते. रेघेआधीचा भाग आईबापाचा. फाइलींमध्ये नावं अर्थात रोमन लिपीत. पेढीवर उभ्या असलेल्या माणसाला ज्याची वाट पाहावी लागते ते सगळं 'पुढे': डेटाबेस, अॅप्लिकेशन, एसएमएस, छपाई. तासभर उशिरा झालं तरी कोणाचं अडत नाही ते 'मागे': चित्रं, बॅकअप, महिन्याचे अहवाल. कोणती सेवा कुठे, हे मी ठरवलं नाही. काका आणि शेठ यांनी ठरवलं, आणि ते तसंच व्हायला हवं. एसएमएस मी 'मागे' टाकला असता. त्यांनी सांगितलं की पट्टीचा निरोप गेला नाही तर सकाळी सातपासून बागायतदारांचे फोन सुरू होतात आणि पेढीवरचा माणूस त्यातच अडकतो.

'मागे'ला 'मेमरीमॅक्स' 5 जीबी. ही खरी भिंत. तिला धडक बसली की कर्नल बळी शोधतो तो त्याच गटात, बाहेर बघत नाही. 'पुढे'ला 'मेमरीलो' 8 जीबी, म्हणजे मेमरीची ओढाताण झाली तर तेवढ्यापर्यंत या गटाकडून शक्यतो काढून घेऊ नये. इथे एक खाच आहे. हे संरक्षण वरच्या पातळीवरही तितकंच द्यावं लागतं. 'गाळा' या वरच्या स्लाइसला काही दिलं नाही तर खालच्याचे 8 जीबी कागदावरच राहतात. तसंच 'मेमरीलो' पानं परत घेण्यापासून वाचवतं, मेमरी पूर्ण संपल्यावर होणाऱ्या निवडीपासून नाही. दोन्ही हवेत.

प्रोसेसरसाठी 'सीपीयूवेट'. मूळ वजन 100 असतं, 1 ते 10000 पर्यंत देता येतं. 'पुढे'ला 500, 'मागे'ला 20. वजनाचा अर्थ गाळ्यावरच्यांना पटकन कळला, कारण हमालांच्या टोळीचं तेच असतं: दोन गाळ्यांच्या गाड्या एकाच वेळी लागल्या तर माणसं वाटली जातात, एकाचीच गाडी असेल तर सगळी टोळी तिच्यावर. वजन फक्त ओढाताणीत लागू होतं. मोकळ्या दुपारी चित्रांना आठही कोअर मिळतात, आणि मिळावेत. म्हणूनच मी 'सीपीयूकोटा' टाळला. तो मोकळ्या मशीनलाही बांधून ठेवतो.

क्रॉनमधली दोन्ही कामं काढून प्रत्येकाची एक सेवा आणि एक टायमर केला. टायमरची वेळ झाली आणि सेवा अजून चालूच असेल तर दुसरी प्रत निघत नाही. खरं सांगायचं तर या प्रकरणातला अर्धा बिघाड एवढ्यानेच गेला. स्क्रिप्टचे कामगारही आठाचे चार केले, कारण भिंत घालून प्रोग्रामची भूक कमी होत नाही.

डेटाबेसचा स्लाइस बदलताना सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी लागते, नुसता रीलोड पुरत नाही. वजनं आणि मर्यादा मात्र चालू असताना बदलतात. म्हणून बदल दुपारी, बाजार थंडावल्यावर केला. अॅप्लिकेशनच्या 'रीस्टार्टसेक'मध्ये 5 सेकंद लिहिले आणि प्रयत्नांची मर्यादा योग्य विभागात नेऊन उठवली.

चाचणीत जे वेगळं निघालं

'मागे'ला सुरुवातीला 'मेमरीहाय'ही 4 जीबी दिलं होतं: 4 ला वेग कमी, 5 ला मृत्यू. 'सिस्टमडी-रन'ने त्याच स्लाइसमध्ये मुद्दाम मेमरी खाणारी एक प्रोसेस सोडली. ती मेली नाही. 4 जीबीच्या वर गेली आणि रांगू लागली. परत देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, स्वॅपही (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नव्हता, म्हणून कर्नल तिला फक्त थांबवत राहिला. पुढच्या सेवांना काही जाणवलं नाही, हे चांगलं. पण चित्रांचं खरं काम असं रांगत बसलं असतं तर टायमर दर तासाला 'चालूच आहे' म्हणून परत गेला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. आटोपशीर मृत्यू बरा. 'मेमरीहाय' काढलं, 'ओओएमपॉलिसी' 'किल' केली म्हणजे एक कामगार मेला तर सगळं काम मिळून जावं, आणि कामाला 50 मिनिटांची मुदत घातली. 'वनशॉट' प्रकारच्या, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या, सेवेला अशी मुदत आपोआप नसते. 'टाइमआउटस्टार्टसेक' स्वतः लिहावं लागतं.

पुढे काकांनी विचारलं की 'मागे' कायम 5 जीबीच्या जवळ का दिसतो. फाइल वाचली की तिची कर्नलने ठेवलेली प्रतही ज्या गटाने पहिल्यांदा वाचली त्याच्या खात्यात जाते. चित्रं वाचणाऱ्या कामाचा आकडा फुगलेला दिसणारच. ती मेमरी मागितली की लगेच सुटते.

बॅकअपने मात्र रचनेला दाद दिली नाही, आणि मला हा भाग सर्वांत शिकवणारा वाटला. बॅकअपची सेवा 'मागे' आहे, पण बॅकअप काढणारा पीजी-डंप हा प्रोग्राम स्वतः तक्ते वाचत नाही. तो डेटाबेसकडे मागतो, आणि वाचायचं काम डेटाबेसची जोडणी करते, म्हणजे 'पुढे'ची प्रोसेस. खर्च ज्या प्रोसेसने केला तिच्या गटावर पडतो, कोणासाठी केला ते कर्नलला माहीत नसतं. 'मागे'ची मर्यादा लागू होते ती फक्त आकुंचन आणि फाइल लिहिण्याला. इथे कुठलंही वजन उपयोगी नव्हतं. बॅकअप दुपारी तीनला हलवला. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं, म्हणजे त्या वेळी मशीन बंद असेल तर चालू झाल्यावर बॅकअप होतो.

मेच्या मधल्या एका भरलेल्या पहाटे चित्रांचं काम आपल्याच भिंतीला धडकून मेलं. लॉगमध्ये नोंद आहे, या वेळी गटाच्या नावासकट. पट्ट्या छापल्या जात राहिल्या. त्या तासाची चित्रं पुढच्या फेरीत झाली.

सोपवताना एक गोष्ट फाइलीच्या डोक्यावर टिपणात लिहून ठेवली आहे. डेटाबेसचा स्लाइस ठरवणारं ड्रॉप-इन (मूळ युनिट फाइलला हात न लावता तिला जोडलेली छोटी फाइल) '14-मेन' या इन्स्टन्सवर ठेवलेलं नाही, साच्यावर ठेवलं आहे. पुढच्या एखाद्या वर्षी पोस्टग्रेसची आवृत्ती बदलली की इन्स्टन्सचं नाव बदलेल. त्या नावावर ठेवलेलं ड्रॉप-इन तेव्हा कुठलाही इशारा न देता लागू होणं बंद झालं असतं आणि डेटाबेस पुन्हा मूळ स्लाइसमध्ये गेला असता. म्हणून आवृत्ती बदलणाऱ्याने काम संपल्यावर 'सिस्टमडी-सीजीएलएस' चालवून डेटाबेस 'गाळा-पुढे'खालीच दिसतोय ना, हे पाहायचं, आणि हा बदल मार्च सुरू व्हायच्या आत उरकायचा.